पावसाळ्यातलं पाणी मोजा, मग बोला

(कचरा प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी सगळ्या पाड्यांच्या सभेत केलेलं भाषण)



नोटीस सगळ्यांनी ऐकली. शहराचा कचरा आपल्या वरच्या माळावर आणून पुरायचा आहे. कंपनीचा अहवाल आम्ही पोरापोरींनी मिळून तीन रात्री वाचला. मोठं बाड इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. बारावीचं इंग्रजी त्याला पुरत नाय, पण आकडे कळतात. पाण्याची पाहणी केली मार्च ते मे. मे महिन्यात आपल्याकडं पाणी असतं कुठं? डवरे खणून वाटी वाटीनं हंडा भरतो आपण. ओहोळ तेव्हा कोरडा, म्हणून अहवालात तो फक्त 'हंगामी नाला'. याच ओहोळात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात, आणि खालच्या चार पाड्यांची भातं त्याच्यावर आहेत.

आता नियम काय म्हणत होता ऐका. सन 2000 च्या घनकचऱ्याच्या सरकारी नियमांत असं होतं. खड्ड्याच्या तळाला 90 सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा थर. आणि जमिनीखालचं पाणी जास्तीत जास्त वर येईल तेव्हाही ते त्या मातीच्या दोन मीटर खाली पाहिजे होतं. दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. श्रावणात आपल्या विहिरीत बाया नुसतं वाकून हंडा बुडवतात. मग खड्डा खणणार कुठं? उन्हाळ्यात मोजलं की पाणी खोल दिसणारच. ही चूक आहे की हुशारी, ते तुम्हीच ठरवा.

कचरा कुजतो, त्यात पाऊस मुरतो, खालून काळं पाणी निघतं. आपल्याकडं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि खाली कातळ, त्याला भेगा. थर फाटला तर ते पाणी कुठं जाईल, हे अहवालात नाय. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. त्यांच्या विहिरी नासल्या, प्यायला टँकर आले. त्या नियमांत असंही होतं की जागा वस्ती, जंगल, पाणवठे आणि देवस्थानांपासून लांब पाहिजे. अहवाल म्हणतो, माळावर देवस्थान नाही. आपल्या वाघदेवाला कळस नाय ना, म्हणून दिसला नसेल.

काही जण म्हणतात, पाहणी कशाला मागता, सरळ 'नको' म्हणा. आमचंही मन तेच म्हणतं. पण जनसुनावणीत हात वर करून मत घेत नाहीत. तिथं नुसती घोषणा दिली तर 'लोकांनी विरोध केला' एवढी एक ओळ लिहून मोकळे होतील. प्रश्न विचारला तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं तो नोंदवावा लागतो आणि कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं. 'नको' म्हणायची जागा ग्रामसभा आहे. माळावर आपले प्लॉट आहेत, वनहक्काचे दावे अजून तहसीलात पडून आहेत. दावे निकाली लागल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही, असं केंद्राचं 3 ऑगस्ट 2009 चं पत्रक सांगत होतं. म्हणून ठराव वेगळा करू, प्रश्न वेगळे विचारू.

नोकरीचंही बोलायला पाहिजे. आपल्यातल्याच काही पोरांना गेटवर वॉचमनची कामं देऊ म्हणालेत. त्यांना शिव्या घालू नका, घरात भात पुरत नाय म्हणून ती तिकडं बघतात. पण त्यांना विचारा, खड्डा भरून कंपनी गेली की काय? त्या 2000 च्या नियमांप्रमाणं खड्डा वीस-पंचवीस वर्षं चालायचा, बंद झाल्यावर आणखी पंधरा वर्षं तरी त्याच्यावर नजर ठेवायची होती. ती कोण ठेवणार, पैसा कोणाचा, हे कागदावर लिहून द्यायला सांगा.

आपली मागणी अशी: उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर, तिन्ही वेळा पाणी मोजा. आपल्या माणसांना घेऊन मोजा. ओहोळ, झरे, विहिरी, वाघदेव नकाशावर दाखवा. पूर्ण अहवाल मराठीत द्या, मगच सुनावणी घ्या.

तोवर आपणही मोजू. उद्यापासून प्रत्येक पाड्यानं एक दोरी घ्या, तिला हाताहातावर गाठी मारा, दर अमावस्या-पुनवेला विहिरीचं पाणी मापून वहीत लिहा. शाळेतली पोरं लिहितील. सुनावणीला वही घेऊन या, बायांनी पुढं बसायचं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. ते ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाय. आपला प्रश्न त्यात आला नसेल तर तिथंच उभं राहून सांगायचं, सही व्हायच्या आधी.