वारा कोण कापणार?



सायकलवर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारलं, "आरोग्यावर बोलणार की प्रदूषणावर?" मी म्हणालो, राजकारणावर. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. पण बहुटप्पी सायकल शर्यतीत युती असते, फाटाफूट असते, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक असते, आणि निवडणुकीसारखाच तिचा निकाल शेवटच्या दिवशी लागत असला तरी तो ठरतो त्याच्या कितीतरी आधी, कुठल्या तरी आडरस्त्यावर.

२०२६च्या जानेवारीत, १९ ते २३ तारखेला, पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. आधी शहरात प्रोलॉग म्हणजे छोटी सलामीची फेरी, मग चार दिवसांचे चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. देशोदेशीचे संघ आले. रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहिली. मोटारी गेल्या, मोटारसायकली गेल्या, मग रंगीत कपड्यांचा एक झोत सर्रकन गेला आणि संपलं. घरी येऊन प्रत्येकानं एकच विचारलं: पहिला कोण आला? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरात शर्यत सापडत नाही. कडेला उभं राहणाऱ्याला माणसं दिसतात, त्यांच्यातला व्यवहार दिसत नाही. आज त्या व्यवहाराबद्दल बोलायचं आहे.

महाराष्ट्राला सायकलवीरांची ओळख आहे ती एका वेगळ्या प्रकारातून. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. जवळजवळ ४८०० किलोमीटर, झोपेशी झुंज. पण त्या शर्यतीत दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे चिकटून चालायला मनाई असते. प्रत्येकानं आपला वारा आपण कापायचा. मी ज्या शर्यतीबद्दल बोलतोय तिथे सगळा खेळच उलटा: आपला वारा दुसऱ्याकडून कसा कापून घ्यायचा?

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक सगळी ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी लढायला आठपट ताकद लागते. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिलात तर साधारण तीस टक्के श्रम वाचतात. आणि मोठ्या जथ्याच्या पोटात? बर्ट ब्लॉकेन या संशोधकानं आइंडहोवनच्या विद्यापीठात १२१ सायकलस्वारांच्या जथ्याचा अभ्यास केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आत खोलवर बसलेल्या स्वाराला हवेचा विरोध एकट्याच्या मानानं अवघा पाच ते दहा टक्के. म्हणजे पुढे चौघं जीव काढत असतात तेव्हा मागे शंभर जण त्याच वेगानं जवळपास फुकटात चाललेले असतात. सगळे डावपेच या विषमतेतून निघतात.

आता एक टप्पा कल्पनेत आखू. नांदेडहून निघायचं, बारडवरून सीताखंडीचा घाट, मग भोकर, हिमायतनगर, इस्लापूर आणि शेवट किनवटला. दीडशेच्या आसपास किलोमीटर. झेंडा पडला की दहा-पंधरा जण सुटायला बघतात. जथा त्यांना लगेच ओढून आणतो. पुन्हा कोणी सुटतो, पुन्हा ओढलं जातं. हा गोंधळ कधी दहा मिनिटं चालतो, कधी तासभर. मग बारडच्या अलीकडे कुठे तरी चौघं जण सुटतात आणि मागचा जथा एकाएकी रस्ताभर पसरतो, कोणी पाणी पितो, कोणी संघाच्या गाडीकडे जातो. पाहणाऱ्याला वाटतं, चौघं पळाले. पळाले नाहीत, त्यांना सोडलं.

ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम उचल देतो ना, तसं हे आहे. जथा त्या चौघांना मिनिटांची उचल देतो. भोकरपर्यंत चार मिनिटं, पाच मिनिटं. देताना बघून देतो: या चौघांत सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत वर असलेला कोणी आहे का? असेल तर उचल नाही. चौघंही अर्धा तास मागे असतील तर जा बाबा, घ्या पाच मिनिटं. आणि वसुली कधी करायची तेही ठरलेलं. फ्रान्सचे जुने सायकलपटू आणि नंतर समालोचक झालेले रोबेर शापात यांच्या नावानं एक हिशेब चालतो: जोर लावलेला जथा दहा किलोमीटरमागे एक मिनिट परत मिळवतो. चाळीस किलोमीटर उरलेत आणि अंतर चार मिनिटांचं आहे, तर वसुली बरोबर किनवटच्या वेशीवर. लवकर पकडलं तर नवे गडी ताज्या दमानं सुटतील, म्हणून मुद्दाम उशिरा पकडतात. हे क्रूर आहे, पण हिशेबाचं आहे.

वसुलीचं काम करणार कोण, यावरून खरं भांडण. शेवटच्या दोनशे मीटरांत वेगानं जिंकणारा ज्याच्याकडे आहे त्या संघाला चौघं पकडले जायला हवेत. त्याचे गडी पुढे येऊन वारा कापतात. ज्याच्याकडे एकूण आघाडीची जर्सी आहे तो संघही थोडा हातभार लावतो. बाकीचे? ज्यांचा एक माणूस त्या चौघांत आहे ते हात वर करतात: आमचा पुढे आहे, आम्ही का ओढू? हे वाक्य शर्यतीत सोन्याच्या मोलाचं असतं. पुढे एक माणूस पाठवला की मागच्या सगळ्या संघाला कायदेशीर विश्रांती.

इस्लापूरच्या अलीकडचं रान मोकळं, पिकं निघाली की वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथे वारा बाजूनं लागला तर सगळं गणित फिरतं. मग सावली मागे मिळत नाही, तिरकी मिळते. स्वार रस्त्यावर तिरक्या रांगेत पंख्यासारखे लागतात आणि रस्त्याची रुंदी जितकी तितक्यांनाच जागा. उरलेले कडेच्या गवताला लागून एकटे वाऱ्याशी भांडतात. एखादा चांगला संघ हे ओळखून मुद्दाम वेग वाढवतो आणि जथ्याचे तीन तुकडे करतो. २०२०च्या टूर द फ्रान्समध्ये लाव्हूरच्या टप्प्यावर ताडेय पोगाचार असाच मागे सापडला आणि त्यानं एक मिनिट एकवीस सेकंद गमावले. शर्यत त्यानंच जिंकली हा भाग वेगळा.

मग तुम्ही विचाराल, पकडलेच जाणार तर चौघं जातात कशाला? एक तर टीव्ही. चार तास कॅमेरा त्यांच्यावर, म्हणजे छातीवरच्या प्रायोजकाच्या नावावर. छोट्या संघाचा पगार त्या नावातून निघतो. दुसरं, वाटेतली बक्षिसं. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो तसे इथेही घाटमाथ्यावर गुण असतात. सीताखंडी पहिल्यानं चढला की त्याचं दिवसाचं सार्थक. आणि तिसरं, कधी कधी जथ्याचा हिशेब चुकतो. १९४७ च्या टूर द फ्रान्समध्ये आल्बेर बूर्लो एकटा २५३ किलोमीटर पुढे राहिला आणि टप्पा जिंकला. २०१९ मध्ये बेल्जियमचा थॉमस डे गेंट दोनशे किलोमीटरच्या टप्प्यावर सुरुवातीलाच सुटला आणि सेंट-एतियनला अवघ्या सहा सेकंदांनी वाचला. मला स्वतःला बूर्लोपेक्षा डे गेंट मोठा वाटतो. १९४७ मध्ये मागच्यांच्या कानात रेडिओ नव्हते. डे गेंटच्या मागे प्रत्येक कानात रेडिओ होता.

बुडीत उचलीचा सर्वांत मोठा किस्सा २००६ च्या टूरचा. आघाडी फ्लॉइड लँडिस या अमेरिकनाकडे होती आणि ती रोज राखण्यात त्याच्या संघाला दम घालवायचा नव्हता. बेझिएहून मोंतेलिमारला जाणाऱ्या २३० किलोमीटरच्या टप्प्यावर पाच जण सुटले. त्यांत ऑस्कार पेरेइरो, अठ्ठावीस मिनिटांहून जास्त मागे. जाऊ द्या म्हणाले. जाता जाता तो अर्धा तास पुढे गेला आणि आघाडीची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर. लँडिसनं पुढे ती परत मिळवली, पण उत्तेजक चाचणीत सापडला, आणि विजेता म्हणून नाव लागलं पेरेइरोचं. म्हणजे जगातली सर्वांत मोठी शर्यत त्या माणसाकडे गेली ज्याला पाठलागाच्या लायकीचा धरला नव्हता.

मदतनीस स्वारांबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. टूरच्या संघात आठ जण. एक नायक, सात त्याच्यासाठी. गाडीतून बाटल्या आणणं, वारा कापणं, नायकाचं चाक गेलं तर आपलं काढून देणं. १९३४ मध्ये कानचा वीस वर्षांचा रेने व्हिएटो पिरेनीज पर्वतात फार चांगला चढत होता. त्याचा नायक आंतोनँ मान्य पडला. व्हिएटोनं आपलं चाक दिलं आणि दगडी कठड्यावर बसून रडत मदतीची वाट पाहिली. तो फोटो जगभर गेला. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत, तर हा पोरगा उलटा चढ चढून मागे गेला आणि सायकलच देऊन आला. मान्य शर्यत जिंकला, व्हिएटो पाचवा आला, डोंगरातला सर्वश्रेष्ठ ठरला. त्यागाची गोष्ट म्हणून ही नेहमी सांगितली जाते. मला तिच्यातलं रडणंच खरं वाटतं. त्यानं हसत दिलं नाही. दिलं, कारण ते त्याचं काम होतं. अशा कामाचा मोबदलाही ठरलेला असतो: आज टूरच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात आणि रिवाजानं तो ते सहकाऱ्यांत वाटून टाकतो.

या सगळ्या गोष्टी एका दुपारी एकत्र पाहायच्या असतील तर ३१ मे २०२५. इटलीच्या जिरो शर्यतीचा विसावा टप्पा, रोममध्ये शेवट व्हायच्या आदला दिवस. पहिला मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक डेल तोरो. त्याच्या मागे ४३ सेकंदांवर इक्वाडोरचा रिचर्ड कारापाझ. तिसरा इंग्लंडचा सायमन येट्स, एक मिनिट एकवीस सेकंदांवर. वाटेत कोले देले फिनेस्ट्रे: साडेअठरा किलोमीटरचा चढ, वरचे आठ किलोमीटर कच्चा खडीचा रस्ता. याच घाटात २०१८ मध्ये येट्स आघाडीची गुलाबी जर्सी घालून आला होता आणि कोसळला होता. त्या एका दिवसात त्यानं ३८ मिनिटांहून जास्त गमावली.

सकाळी एक टोळी सुटली. तिच्यात येट्सच्याच संघाचा वाउट व्हान आर्ट होता. भरभक्कम अंगाचा माणूस, असल्या चढावर जिंकायला गेलेला नव्हता. त्याला पुढे का पाठवलं, हे तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. घाटाच्या पायथ्याशी कारापाझनं हल्ला केला, डेल तोरो त्याला चिकटला. येट्स आपल्या चालीनं वर येऊन त्यांना मिळाला, आणि मग निघून गेला.

आता खालच्या दोघांची अवस्था बघा. डेल तोरोनं ओढलं तर कारापाझ सावलीत दम खाऊन शेवटी त्यालाच सोडून जाणार. कारापाझनं ओढलं तर येट्स पकडला जाईल, पण जर्सी राहील डेल तोरोकडेच. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं. म्हणून दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीच वारा कापला नाही. तिकडे येट्स माथा ओलांडून उतरला तर खाली दरीत व्हान आर्ट त्याची वाट पाहत होता. ज्या सपाट पट्ट्यात एकट्या हलक्या माणसाची दमछाक झाली असती, तिथे त्यानं येट्सला आपल्या पाठीमागे घेऊन ओढत नेलं. टप्प्याच्या शेवटी, सेस्त्रिएरेला पोचेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं. दुसऱ्या दिवशी रोममध्ये येट्स विजेता, डेल तोरो त्याच्या मागे तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांवर. टप्पा जिंकला होता ख्रिस हार्पर, सकाळच्या त्याच टोळीतला. त्याचं नाव आज किती जणांच्या लक्षात आहे?

डेल तोरोला दोष देणारे पुष्कळ निघाले. मला वाटतं, जास्त चूक कारापाझची. दुसरा क्रमांक राखून काय करणार होता? त्यानं याआधी जिरो जिंकलेली होती. पण जिंकायचं नसेल तर निदान समोरच्याला जिंकू द्यायचं नाही, हा हिशेब माणसाला फार ओळखीचा वाटतो. सभागृहात काही जण हसतायत, म्हणजे पोचलं.

आपल्याकडे काय कमी आहे? पायांत दम आहे. आपले बरेच चांगले सायकलपटू सेनादलात नाही तर रेल्वेत नोकरीला असतात, वर्षभर एकमेकांविरुद्ध पदकासाठी झुंजतात आणि मोठ्या शर्यतीच्या आधी एका जर्सीत येतात. परदेशी संघातले गडी वर्षाकाठी पन्नास-साठ दिवस एकमेकांच्या चाकामागे शर्यत करतात. कोण कधी थकतो ते त्यांना खांद्याच्या हालचालीवरून कळतं. ही ओळख सराव शिबिरात होत नाही, शर्यतीतच होते. म्हणून पुण्यासारखी शर्यत दरवर्षी भरणं महत्त्वाचं, आणि तिच्या जोडीला नांदेड, लातूरसारख्या ठिकाणी दोन-तीन दिवसांच्या छोट्या शर्यती हव्यात.

इथे काही मुलं सायकली घेऊन आली आहेत, बाहेर लावलेल्या दिसल्या. त्यांच्यासाठी एवढंच. पाच जण मिळून पहाटे भोकरहून बारडपर्यंत जा आणि या. उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्याआधी. हेल्मेट घाला. पुढच्याच्या चाकाकडे बघू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. पुढे असणाऱ्यानं मिनिटभरच ओढायचं, मग कोपर हलवून खूण करायची, बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं. आणि पुढे आलेल्यानं उत्साहात वेग वाढवायचा नाही, आहे तोच ठेवायचा. नाही तर सीताखंडीच्या घाटात शेवटचा तुटतो.