टेकडीवरची समाधी, पायथ्याची घरे

हैदराबादच्या दिलसुखनगरापासून जवळच आस्मानगढची टेकडी आहे. निजामाचा फ्रेंच सेनानी रेमाँ याची समाधी तेथे आहे. तो १७९८ मध्ये निवर्तला. हिंदूंनी त्यास मूसा राम व मुसलमानांनी मूसा रहीम म्हणून आपलेसे केले. शेजारच्या मूसारामबागेत ते नाव अद्याप नांदते आहे.

एके काळी येथे शेते होती; आज घरांची दाटी आहे. मग समाधीभोवती मोकळी जागा राखावी, की अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस निवारा द्यावा? माझ्या मते हा पेचच खोटा आहे. १९०८ च्या मुसी महापुरानंतर, १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. त्याने कोंदट वस्त्या हटविल्या, तशीच गरिबांसाठी हवेशीर घरेही बांधली.

तोच धडा येथे घ्यावा. टेकडीलगत दुमजली घरे असावीत. त्यांस लिफ्टचा खर्च नाही आणि समाधीही झाकली जात नाही. प्रवाशांसाठी केलेली पायवाट, सावली व पाण्याची सोय रहिवाशांच्याही उपयोगी पडावी. प्रवासी तासाभराचा पाहुणा. स्मारकाची राखण शेजाऱ्यानेच करावयाची. त्यालाच हुसकावून लावले, तर ते कोण जपणार?