आठवणीतला घाट आणि अनोळखी कागद



प्रवासाहून परतलेला गृहस्थ छायाचित्रांचे बाड उघडून बसला की पाहुणे हळूच घड्याळाकडे पाहू लागतात. परंतु तोच गृहस्थ जलरंगांची डबी आणि पाण्याची वाटी पुढे ओढून, महेश्वरचा नर्मदाघाट कसा होता हे आठवून आठवून कागदावर उतरवू लागला, तर तेच पाहुणे खुर्च्या पुढे सरकवतात, कारण आता काय होणार हे त्यांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर त्या गृहस्थालाही ठाऊक नसते. प्रत्यक्ष घाटावर बसले असता प्रत्येक पायरी आपला हक्क सांगत असते. घरी आल्यावर मात्र स्मृतीने आपल्या मर्जीने काटछाट केलेली असते, पायऱ्या किती होत्या हे विस्मरणात गेलेले असते आणि उन्हात वाळत घातलेले एक लाल लुगडे तेवढे शाबूत राहिलेले असते. या काटछाटीला मी दोष मानीत नाही. टर्नरसारखा चित्रकार १८१९ साली इटलीत हिंडताना उघड्यावर रंगवण्यात वेळ दवडण्याऐवजी बहुतांशी पेन्सिलीच्या रेघांवरच भागवीत असे आणि रंगाचे काम पुढे सवडीने करीत असे. त्याबद्दल कोणी त्याच्यावर फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही.

आता कागदाविषयी. आठवणीतून रंगवायचे तर कागद अनोळखीच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सवयीच्या कागदावर हात आपल्या वहिवाटीने चालतो, आणि महेश्वर, वाई, नाशिक हे सारे घाट एकमेकांची नक्कल करू लागतात. जुन्या दफ्तरांसाठी वापरीत तो जुन्नरी कागद खळ देऊन दगडाने घोटलेला असे, म्हणून बोरूची शाई त्यावर न फुटता ठळक उमटे. तशा घोटीव पृष्ठात जलरंग शिरायला राजी होत नाही, वरच्या वर साचून राहतो आणि वाळल्यावर कडेला गडद किनार ठेवून जातो. उलट, बिनखळीच्या हातकागदावर कुंचल्याचे टोक नुसते टेकवावे, की रंग चहूबाजूंनी पसरतो, आणि एकदा शोषलेला डाग पुसण्याची मुभा कागद देत नाही. पुण्यातल्या, १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेतला एखादा खरखरीत ताव घेऊन त्यावर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांचे पातळ मिश्रण ओलसर असतानाच सोडून पाहावे: निळ्याचे कण खळग्यांत जाऊन बसतात, तांबूस छटा वेगळी होऊन उंचवट्यांवर रेंगाळते, आणि घाटाच्या दगडाचा जो पोत आठवताना आपण हात टेकले होते, तो न मागता पुढ्यात येतो.

कागदाच्या मर्जीला इतके महत्त्व देणे कोणास पोरखेळ वाटेल, आणि काही अंशी तो आहेही. इंग्रज जलरंगकार डेव्हिड कॉक्स याला १८३६ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये तयार झालेला, गाठोडी बांधण्याचा जाडाभरडा कागद गवसला. तो त्याला इतका पसंत पडला की त्याने रीमभर मागवला, आणि आलेल्या मालाचे वजन व बिल पाहून चकित झाला. त्या कागदात काळे ठिपके असत. आकाशात नेमका ठिपका आला तर काय करता, असे विचारले असता, त्याला दोन पंख जोडतो म्हणजे तो पक्षी होऊन उडून जातो, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. बाजारातून महागाचा विलायती ताव आणून तो खराब होईल या भयाने वर्षानुवर्षे पेटीत जपणाऱ्या सद्गृहस्थांनी या माणसाकडे अवश्य पाहावे.

ज्यांना हातकागद मिळवणे दुरापास्त वाटेल, त्यांनी वाण्याकडच्या पुड्यांचा तपकिरी कागद घ्यावा. तो फार ओलावा सोसत नाही, चटकन सुरकुततो, म्हणून फळीवर चारी बाजूंनी डिंकपट्टीने डकवावा. आणि त्यावर नदीचा चकाकता भाग मोकळा ठेवून भागत नसल्यामुळे पांढऱ्या रंगाची एक नळी मात्र हाताशी असू द्यावी.