घरांतील कागद आणि त्यांची पेटी
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कित्येक जण मनांतल्या मनांत हंसले असतील. फादरांनीं श्रद्धेवर बोलावें, कुटुंबधर्मावर बोलावें. तें सोडून हे कागद ठेवण्याच्या पेट्यांवर काय बोलणार! परंतु या स्मरणिकेसाठीं जुनी माहिती गोळा करतांना मीं तुमचीं पुष्कळ घरें पाहिलीं. "जुना कांहीं कागद आहे काय?" असें विचारल्यावर कोणीं खुंटीची कॅरीबॅग काढली, कोणीं गादीखालचें पाकीट काढलें. एका वृद्ध माउलीनें बळदाजवळ जमिनीवर ठेवलेली लहानशी लांकडी पेटी मोठ्या आदरानें माझ्यापुढें आणली. झांकण उघडलें, तों आंत माती! वाळवीनें दाखला केव्हांच फस्त केला होता, आणि त्यावरचें प्लास्टिकचें वेष्टन तेवढें जसेंच्या तसें शिल्लक होतें. तो तिच्या परलोकवासी यजमानांचा बाप्तिस्म्याचा दाखला होता. त्याच दिवशीं आजचा विषय ठरला.

कागद गेला म्हणजे काय जातें, हें आपल्या जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतों. त्या काळचे कितीतरी कागद उर्दूंत, कांहीं मोडींत. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीचें काम सुरू होऊन मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध लागला, तेव्हां या जुन्या कागदांचें मोल सर्वांच्याच ध्यानीं आलें. जातीच्या दाखल्यासाठीं अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा विचारतात. म्हणजे आज बारावी झालेल्या मुलीची फी पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर अडून राहते! आणि तो उतारा तर उतरंडीच्या तळाशीं.

पवित्र शास्त्रांत या विषयाचा एक सुंदर प्रसंग आहे. यिर्मया संदेष्ट्यानें यरुशलेमास वेढा पडला असतां अनाथोथ येथील शेत १७ शेकेल रुपें तोलून विकत घेतलें. खरेदीखताच्या दोन प्रती होत्या, एक मोहरबंद व एक उघडी. त्या मातीच्या पात्रांत ठेवण्याची आज्ञा त्यानें बारूखास केली, हेतु हा कीं त्या पुष्कळ दिवस टिकाव्या. शहर पडणार हें ठाऊक असतांही हा मनुष्य खरेदीखत कशांत ठेवावें याचा विचार करतो! आणि मातीचें पात्र ही निवड किती योग्य होती, तें मृतसमुद्राजवळील कुमरान येथें १९४७ सालीं दिसून आलें. तेथील गुहेंत रांजणांत ठेवलेल्या चर्मपत्रांच्या गुंडाळ्या सुमारें दोन हजार वर्षांनीं हातीं लागल्या. अर्थात् तो प्रदेश अत्यंत कोरडा. आपल्या माळवदाच्या घरांत मडकें ठेवाल तर पहिल्याच पावसाळ्यांत फसाल. म्हणून पात्र निवडावयाचें तें आपल्या हवेकडे व आपल्या शत्रूंकडे पाहून.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. ऐन तारुण्यांत एका धर्मग्रामाचा भार माझ्यावर आला. चर्चच्या धर्मसंहितेचा ५३५ वा नियम सांगतो कीं प्रत्येक धर्मग्रामानें बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्या नीट ठेवाव्या, आणि जुन्या वह्यांची विशेष काळजी घ्यावी. मीं मोठ्या उत्साहानें भक्कम लोखंडी कपाट आणविलें, वह्या आंत रचल्या, कुलूप लावलें आणि निश्चिंत झालों. कपाट भिंतीस अगदीं टेकवून ठेवलें होतें. भिंत पावसानें ओल धरी. दोन वर्षांनीं उघडलें, तेव्हां कपाटाच्या मागच्या पत्र्यास गंजून भोंक पडलें होतें आणि त्यांतून वाळवीची मातीची नळी थेट बाप्तिस्म्याच्या वहींत शिरली होती! संहितेच्या ८७६ व्या नियमाप्रमाणें निःशंक विश्वासाचा एक साक्षीदारही बाप्तिस्म्याच्या पुराव्यास पुरतो. त्या आधारावर मी पुढें वर्षभर सायकलीवर गांवोगांव साक्षीदार शोधीत हिंडलों. कित्येक साक्षीदार तोंवर वारले होते. कुलुपानें चोर अडतो. ओल अडत नाहीं.

तर पेटी कोणती घ्यावी? प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोह आधीं सोडावा. मऊ, चकचकीत व उग्र वासाच्या ज्या पिशव्या बाजारांत मिळतात, त्यांतील द्रव्य कालांतरानें सुटतें, शाई त्यास चिकटते व दाखला काढतांना अक्षरें पिशवीवर येतात. पावसांत प्रवासापुरती पिशवी ठीक. कायमचें घर म्हणून नव्हे. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. तापवून चिकटविलेला तो थर पुन्हां निघत नाहीं, आणि त्या दाखल्यावर कचेरींत शिक्का मारण्याची वेळ आली म्हणजे मालक डोक्यास हात लावतो. लांकडी पेटी सागाची जुनी असेल तर उत्तम, कारण सागास वाळवी सहसा लागत नाहीं. आजकालच्या भुशाच्या फळ्यांची पेटी फुकटही घेऊं नये.

माझें मत साध्या पत्र्याच्या ट्रंकेकडे आहे. मात्र ती जमिनीपासून वीतभर उंच, दोन विटांवर वा लोखंडी घडवंचीवर असावी, भिंतीपासून चार बोटें दूर असावी, आणि पत्र्याच्या छपराच्या अगदीं खालीं नसावी. तेथें दिवसा ताप व रात्रीं गारवा यांनीं आंतल्या बाजूस दंव धरतें. कागद पत्र्यास लागूं न देतां कापडांत बांधावे. ही आपल्याच पूर्वजांची रीत होय. पुण्याच्या पुराभिलेखागारांत पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधूनच पिढ्यान्‌पिढ्या राहिले, व त्यांतूनच रियासतकार सरदेसाई यांनीं निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. कापड हवा खेळूं देतें आणि धूळ अडवितें. मांजरपाट घ्यावा, परंतु आधीं दोनदां धुवून त्याची खळ काढावी, कारण खळीवर कसर येते. टांचण्या व रबर काढून टाकावे. एकाचा गंज व दुसऱ्याचा चिकटा कागदावर उतरतो. डांबराच्या गोळ्या कागदांत घालूं नयेत. कडुनिंबाचा पाला घालणें असेल तर खडखडीत वाळलेला घालावा. ओला पाला घालणें म्हणजे ओल आपल्या हातानें पेटींत घालणें.

आणि वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळींत, पेटी उघडावी. न उघडलेली पेटी कितीही महाग असो, तींत काय चाललें आहे हें देवासच ठाऊक.

यिर्मयाच्या दोन प्रती विसरूं नका. बीड शहरानें जुलै १९८९ मध्यें बिंदुसरेचा पूर पाहिला आहे; त्या पाण्यापुढें विटांवरची ट्रंक काय करणार? म्हणून एक प्रत दुसऱ्या गांवीं, लेकीच्या वा भावाच्या घरीं असावी. मोबाईलवर छायाचित्र काढावें, शासनाच्या डिजिलॉकरांत मिळतील तेवढे दाखलेही ठेवावे. परंतु मोबाईल हरवतो, आणि मूळ कागद मागणारा साहेब छायाचित्रावर समाधान मानीत नाहीं.

शेवटीं, ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांविषयीं. दसरा झाला कीं तुम्ही कोयता घेऊन निघतां, घरास पांच-सहा महिने कुलूप. कागद बरोबर न्यावे तर कोपींत पाऊस, चूल आणि उंदीर. मागें ठेवावे तर ओस घरांत वाळवीस रान मोकळें. माझें सांगणें असें कीं रेशनकार्ड व आधार यांच्या छायांकित प्रती बरोबर न्या, आणि मूळ कागद रुमालांत बांधून, वर कुटुंबाचें नांव लिहून, येथें घेऊन या. आपल्या कार्यालयांत भिंतीपासून दूर, घडवंचीवर एक मोठी ट्रंक यासाठींच आणून ठेवली आहे. कोणाचा रुमाल आला व कोणाचा गेला याची वही राहील, पोंच मिळेल, आणि किल्ल्या दोन राहतील: एक माझ्यापाशीं, एक धर्मग्राम परिषदेच्या चिटणिसांपाशीं. ज्यांच्या बाप्तिस्म्याचे दाखले हरवले आहेत, त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सानंतर आईबापांचीं नांवें व अंदाजें साल सांगावें. वहींतून नवा उतारा निघण्याआधीं टोळ्या निघूं नयेत, एवढी खटपट मी करीन.