रोमन मातांचे रक्षामणी



घरांत मूल जन्मावयाचें असलें म्हणजे आनंदाबरोबर धास्तीही उंबरठ्याशीं येऊन उभी राहते. प्राचीन रोममध्यें ही धास्ती थोरामोठ्यांच्या घरांनाही चुकली नव्हती. इ. स. पूर्वी ५४ मध्यें सीझरची कन्या ज्यूलिया बाळंतपणांत वारली, इ. स. पूर्वी ४५ मध्यें सिसेरोची लाडकी तुलिया प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत गेली. अशा भीतीच्या पोटीं तेथें रत्नकलेची एक निराळीच शाखा उदयास आली.

हेमाटाइट हें लोहाचें खनिज. वरून तें काळें व चकचकीत दिसतें. पण घांसलें असतां त्याची पूड तांबडी निघते. म्हणून ग्रीकांनीं त्याला रक्तवाचक नांव दिलें, आणि रक्ताच्या रंगाचा दगड रक्तस्राव आवरील अशी लोकांची समजूत झाली. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील असे अनेक मणी आज पदार्थसंग्रहालयांत आहेत. त्यांवर पालथ्या घटासारखें गर्भाशय कोरलेलें असतें, खालीं एक किल्ली असते, आणि भोंवतीं स्वतःचें शेंपूट गिळणारा सर्प असतो. किल्लीचा अर्थ उघड आहे : दिवस भरेपर्यंत दार बंद राहावें, वेळ येतांच तें उघडावें. मोहोरेच्या खड्यावर अक्षरें उलटीं कोरावीं लागतात. या मण्यांवर तीं बहुधा सुलटीं असतात. कारण हे मणी ठसा उमटविण्यासाठीं नव्हते, अंगावर धारण करण्यासाठीं होते.

इ. स. ७९ मध्यें मृत्यु पावलेल्या प्लिनीनें आपल्या ज्ञानकोशांत ‘गरुडाश्मा’चें वर्णन केलें आहे. हा दगड पोकळ असून त्याच्या पोटांत दुसरा लहान खडा वाजतो. गर्भपात टळावा म्हणून तो गर्भिणीच्या अंगावर बांधीत. मात्र प्रसूतीच्या वेळीं तो सोडावा लागे, नाहींतर मूल बाहेर येणारच नाहीं, अशी श्रद्धा होती. तान्ह्यांना दृष्ट लागूं नये म्हणून त्यांच्या गळ्यांत पोंवळें घालीत.

या व्यवहाराशीं महाराष्ट्राचाही दूरचा संबंध आहे. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत पैठणाहून पट्टेदार अकीकाचे दगड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात, अशी नोंद आहे. आणि त्याच बंदरांत पश्चिमेकडील पोंवळें उतरत असे.

आज पाश्चात्य कारागीर याच घाटाचीं पदकें व अंगठ्या घडवितात, आणि तीं हौसेनें घेतलीं जातात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु या दगडांविषयीं सर्वांत शहाणा अभिप्राय एका जुन्या वैद्याचा आहे. एफिससचा सोरेनस यानें दुसऱ्या शतकाच्या आरंभीं स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला. ताइतांत औषधी गुण आहे असें तो मानीत नाहीं. तरी रुग्णेला ते नाकारूं नयेत, आशेनें तिचें मन कदाचित् उल्हसित होईल, असें तो सांगतो. सुईण मात्र भोळ्या समजुतींपासून मुक्त असावी, असा त्याचा आग्रह आहे. स्वप्न किंवा शकुन पाहून तिनें योग्य उपचार टाळतां कामा नये.

मण्याची जागा त्यानें अशी अचूक नेमून दिली. धीरासाठीं तो मातेच्या गळ्यांत असो. पण तिचा जीव ज्या हातांवर अवलंबून आहे, ते हात ज्ञानानेंच चालले पाहिजेत.