हिमोग्लोबिन कमी आहे, पण का?

(पुण्यात तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिसची पेशंट आहे. आज बोलायचंय ते आपल्या घरात कोणी दुसऱ्यांदा न बघणाऱ्या एका आकड्याबद्दल. तो म्हणजे हिमोग्लोबिन.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. देशात हे प्रमाण ५७ टक्के होतं. एवढ्या जणींना असला की तो आजार वाटेनासा होतो. ‘बायकांचं रक्त कमीच असतं’ हे मी खालाकडून ऐकलंय, आणि एका दवाखान्यातही. माझं हिमोग्लोबिन तेव्हा ८.९ होतं. बाईचं किमान १२ आणि पुरुषाचं १३ हवं. मला लोहाच्या गोळ्या दिल्या, खजूर आणि बीट खायला सांगितलं. शौचाला किती वेळा जाता, रक्त जातं का, हे कोणी विचारलं नाही. कोलोनोस्कोपी होईपर्यंत वर्ष उलटलं.

आमच्या कामात स्क्रीनवर एरर आला की तो का आला ते शोधतात. नुसता मेसेज बंद केला तर बग तिथेच राहतो. हिमोग्लोबिन कमी येणं हा तसाच मेसेज आहे.

आता या आजाराबद्दल थोडं. आय.बी.डी. म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा राहणं. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. तरुण वयातच तो बऱ्याचदा सुरू होतो, आणि निदान होतं त्या दिवशीच अनेकांचं रक्त कमी असतं. त्याची कारणं मुख्यतः तीन.

पहिलं, रक्त जाणं. हिशेब करू. निरोगी शरीर अन्नातून दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं. एक मिलिलिटर रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. रोज दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त गेलं, तर ५ मिलिग्रॅम लोह गेलं. जमा दोन, खर्च पाच. कितीही कलेजी खा, हा खड्डा नुसत्या खाण्याने भरत नाही.

दुसरं, शोषण. लोह लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बी-१२ शेवटच्या भागात. क्रोन्स बऱ्याचदा नेमका त्या शेवटच्या भागात असतो.

तिसरं कारण मला सगळ्यात नवं होतं. शरीरात सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं. ते आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट अडवतं आणि साठ्यातलं लोहही कोंडून ठेवतं. म्हणून काहींना गोळी रोज घेऊनही आकडा हलत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘गोळ्या वेळेवर घेत नसशील.’

रिपोर्ट वाचतानाही एक फसगत होते. फेरिटिन हा लोहाच्या साठ्याचा आकडा. ३० च्या खाली असेल तर लोह कमी, हे सरळ आहे. पण सूज असताना फेरिटिन आपोआप वाढतं. तेव्हा ते १०० पर्यंत असलं तरी लोहाची कमतरता असू शकते. म्हणून त्यासोबत सी.आर.पी. आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघायचं असतं. बी-१२ आणि फॉलिक ॲसिडही.

उपचार आहेत. आजार शांत आणि ॲनिमिया सौम्य असेल तर गोळ्या चालतात. आजार जोरात असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, तर लोह शिरेतून, सलाईनवाटे देणं योग्य मानलं जातं. सोबत आतड्याची सूज उतरवणारं औषध हवंच, नाहीतर एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने गळायचं. लोहाच्या गोळीने शौच काळसर होतं, पण लाल होत नाही. लाल दिसलं तर गोळीवर ढकलू नका.

आता लाजेबद्दल. शौचातून रक्त गेलं की आपण घरात बोलत नाही. भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात वाचून परस्पर औषध आणतो. मूळव्याध असेलही, पण ते तपासून ठरू द्या. मुलींच्या बाबतीत भीती वेगळी असते : रिश्ता मोडेल. मला विचाराल तर आजार लपवून जमलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि चुकलेल्या गोळ्यांनी आजार उसळतो.

रमजानबद्दल दरवर्षी विचारणा होते. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनात आहे. रक्त जात असताना, अशक्तपणा असताना ती घेणं म्हणजे ईमान कमी असणं नव्हे. आजार शांत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, औषधांच्या वेळा बसवून ठरवा. शेजाऱ्यांना विचारून ठरवू नका.

शेवटी एवढंच करा. घरात कोणाचंही हिमोग्लोबिन कमी आलं, अम्मीचं, बहिणीचं किंवा अब्बांचं, तर डॉक्टरांना विचारा : रक्त कमी का झालं? पाळी जास्त जाते का, शौचातून रक्त जातं का, वजन उतरलंय का, जुलाब किती दिवस आहेत, हे स्वतःहून सांगा. आणि आय.बी.डी.चं निदान झालेलं असेल तर आजार जोरात असताना दर तीन महिन्यांनी, शांत असताना सहा ते बारा महिन्यांनी रक्त तपासा. बरं वाटायला लागलं तरी तपासा.