पक्षाघातानंतरचें मन



पक्षाघात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लुळा पडलेला हात, ओढत टाकलेलें पाऊल आणि वांकडें झालेलें तोंड येतें. रोगी इस्पितळांतून घरीं येतो, काठीच्या आधारानें चार पावलें टाकूं लागतो आणि घरांतील मंडळी देवापुढें साखर ठेवतात. परंतु महिनाभरांतच कुजबूज सुरू होते. "नाना हट्टी झाले." "सांगितलेलें मुद्दाम ऐकत नाहींत." "उगाच रडत बसतात." ज्या गृहस्थानें तीस वर्षें घरचा हिशेब चोख ठेवला, त्याला दुधाचे पैसे मोजतां येत नाहींत, आणि तो संतापून नाणीं फेकून देतो. आज मला बोलावयाचें आहे तें या न दिसणाऱ्या दुखापतीविषयीं. ती ओळखली नाहीं तर रोग्याच्या पदरीं आजाराबरोबर अन्यायही येतो.

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीनें बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागांतील पेशी कांहीं मिनिटांतच मरूं लागतात. म्हणून तोंड एकाएकीं वांकडें होणें, एक हात गळणें, बोलणें अडखळणें यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. पण मेंदूकडे केवळ हातापायांचा कारभार नसतो. शब्द, लक्ष, स्मृति आणि पुढची योजना करण्याची बुद्धि यांचेंही घर तेथेंच आहे.

डाव्या अर्धगोलास इजा झाली तर पुष्कळदां वाचा बिघडते. १८६१ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हां डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. असा रोगी पाणी मागूं शकत नाहीं. पण तोच कधीं कधीं लहानपणीं पाठ केलेली आरती सुरांत म्हणतो, किंवा पाढा सलग म्हणून दाखवितो. घरच्यांना वाटतें, हें सोंग आहे. तें सोंग नव्हे. पाठ असलेलें म्हणणें निराळें आणि मनांतील गोष्टीसाठीं नवें वाक्य जुळविणें निराळें. दुसरें काम त्याला साधत नाहीं.

उजव्या अर्धगोलास इजा झाली तर कधीं याहून चमत्कारिक प्रकार घडतो. दृष्टि शाबूत असूनही जगाची डावी बाजू रोग्याच्या ध्यानांतूनच जाते. आपलें जेवणाचें ताट घ्या. उजवीकडील भाजी-आमटी तो संपवितो. डावीकडील लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते. सुनेला वाटतें, मामंजींना कोशिंबीर आवडेनाशी झाली. तिनें ताट फिरवून पाहावें. तीच कोशिंबीर ते आवडीनें खातील.

या अवस्थेचें आंतून केलेलें वर्णन क्वचितच मिळतें. तसें तें डॉ. जिल बोल्टी टेलर या अमेरिकन विदुषींनीं केलें आहे. त्या स्वतः मेंदूच्या रचनेच्या अभ्यासक. १० डिसेंबर १९९६ रोजीं सकाळीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं, त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागांतील रक्तवाहिनी फुटली. चार तासांत चालणें, बोलणें, लिहिणें, वाचणें, पूर्वायुष्य आठवणें, सर्व लोपलें. मदतीसाठीं टेलिफोन करावा तर अंक ओळखूं येईनात; तेव्हां कार्डावरील आकृति आणि यंत्रावरील आकृति त्यांनीं एकेक करून जुळविल्या. पलीकडून सहकाऱ्याचा आवाज आला, तो त्यांना कुत्र्याच्या भुंकण्यासारखा वाटला. आणि स्वतःचाही तसाच!

सुमारें अडीच आठवड्यांनीं शस्त्रक्रिया करून गुठळी काढण्यांत आली. पुढची कथा मात्र शस्त्रवैद्यांपेक्षां त्यांच्या आईची अधिक आहे. "हो" किंवा "नाहीं" एवढ्यावर भागेल असे प्रश्न आई टाळीत असे. ती दोन-तीन पदार्थांचीं नांवें सांगून निवड लेकीवर सोपवी, कारण निवडावयाचें म्हणजे विचार करावा लागतो. एकदां तिनें लहान मुलांचा चित्राचे तुकडे जुळविण्याचा खेळ पुढें ठेवला. रंगांचाही उपयोग करतां येईल, असें आईनें सुचविलें, तेव्हां कोठें लेकीला रंग दिसूं लागले. डोळे तेच होते. पण रंग पाहावयाचा असतो हेंच मन विसरलें होतें. थकवा आला कीं आई तिला पुरेशी झोंप घेऊं देई. पूर्ववत् होण्यास आठ वर्षें लागलीं.

सर्वांनाच एवढें यश येतें असें मी म्हणणार नाहीं. इजा किती मोठी, वय किती, यांवर पुष्कळ अवलंबून असतें. सुधारणा पहिल्या कांहीं महिन्यांत अधिक वेगानें होते. परंतु त्यानंतर दार बंद होत नाहीं. मेलेल्या पेशी परत येत नाहींत, पण शेजारचे भाग सरावानें नवीं कामें शिकूं शकतात. यासाठीं वाचेचे व मेंदूचे व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ असतात. त्यांचा सल्ला लवकर घ्यावा. पक्षाघात झालेल्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोकांना खोल औदासीन्य जडतें, आणि त्यावरही उपचार आहेत. रक्तदाबाचें औषध तर वैद्यांस विचारल्यावांचून एक दिवसही चुकवूं नये.

घरच्यांनीं काय करावें? रोगी बहिरा नाहीं, म्हणून त्याच्याशीं ओरडून बोलूं नये. समोर बसून, सावकाश, एका वेळीं एकच गोष्ट सांगावी. त्या वेळीं रेडिओ बंद ठेवावा, आमचें भाषण चालू असलें तरीसुद्धां! त्याच्यादेखत त्याच्याविषयीं तिऱ्हाइतासारखें बोलूं नये. शब्द अडला तर मायेपोटीं आपण वाक्य पुरें करतों. तसें न करतां थोडें थांबावें, आणि फारच अडलें तरच पहिलें अक्षर सुचवावें.

आणि उद्यां सकाळीं दुधाचे पैसे द्यावयाचे असतील, तर ते नानांनाच मोजूं द्या. दहा मिनिटें लागतील, एखादें नाणें चुकेल. चुकलेलें नाणें शांतपणें पुन्हां त्यांच्या हातांत ठेवा.